फूट वेगळे, इंच वेगळे

आमच्या थोरल्या मामांनी नोकरीची बरीच वर्षे नदी वाचण्यात घालवली. कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यापाशी जायचे, पंचगंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या मोजपट्टीवरचा आकडा पाहायचा, वहीत लिहायचा आणि वर कळवायचा, एवढेच त्यांचे काम. पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण या पातळ्या ओलांडल्या म्हणून मामांनी कुठला दरवाजा उघडायचा नव्हता, कुठला रस्ता बंद करायचा नव्हता आणि कुणाला घर सोडायलाही सांगायचे नव्हते. त्यांच्या हाती केवळ वाचणे होते. गेल्या वर्षी मी ज्या कामात सात महिने गुंतले होते, त्याचेही वर्णन कागदावर असेच होते, आणि ते काम संपत आल्यावर मला मामांच्या वहीपाशीच जावे लागले, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

राजारामपुरीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी तांत्रिक लेखन करते. पावसाळ्यात दुधाचे आणि भाजीचे टेम्पो कोणत्या वाटेने पाठवायचे याचे नियोजन करणाऱ्या एका ग्राहकासाठी आम्ही एक एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून माहिती मागता येईल अशी सोय, तयार करत होतो. रोज जाहीर होणारी नदीची पातळी, धरणांतून सुटणारा विसर्ग आणि पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी एका जागी आणायची, आणि एआय एजंटला, म्हणजे प्रश्न समजून घेऊन लागेल ते टूल स्वतःच वापरणाऱ्या प्रोग्रामला, ती विचारता येईल असे टूल करून द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. चालकाने रात्री मराठीत प्रश्न विचारावा, एजंटने टूलकडून माहिती घ्यावी आणि उत्तर द्यावे. टूलने काही लिहायचे नाही, बदलायचे नाही, पुसायचे नाही. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणाले की हे तर फक्त वाचायचे टूल आहे, यात बिघडण्यासारखे काय आहे, दस्तऐवज दोन दिवसांत होईल. मीही मान डोलावली होती.

बिघडण्यासारखे पहिले काही सापडले ते टूल खरोखर फक्त वाचते का, याच प्रश्नात. वेबवर माहिती मागण्या-देण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी, आणि त्याचे सध्याचे मानक म्हणजे २०२२ सालचे आरएफसी ९११०. त्यात ‘गेट’ या, म्हणजे नुसती माहिती मागणाऱ्या, विनंतीला सुरक्षित म्हटले आहे आणि तिथे सुरक्षित याचा अर्थ असा की मागणाऱ्याने काही बदलण्याची मागणी केलेली नाही आणि तशी त्याची अपेक्षाही नाही. सर्व्हरने आपल्यापुरते टिपण ठेवायला हरकत नसते. हा संकेत जुना आहे, आणि तो मोडणेही तितकेच जुने आहे. २००५ च्या मे महिन्यात गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचे एक साधन आणले होते. पान लवकर दिसावे म्हणून वापरणाऱ्याने दाबण्याआधीच ते त्या पानावरचे दुवे स्वतः उघडून ठेवत असे. त्या काळच्या काही संकेतस्थळांवर नोंद काढून टाकण्याचे बटणसुद्धा आतून साधा दुवाच होते. माणूस विचार करून दाबेल असे गृहीत धरून ठेवलेला तो दुवा या साधनाने बिनदिक्कत उघडला आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. दोष कुणाचा यावर तेव्हा बराच वाद झाला. मला मात्र त्या साधनात आजच्या एजंटचा पूर्वज दिसतो: सगळ्या दारांवर टकटक करणारा, आणि दारावरची पाटी खरी मानणारा.

आमच्या पाटीवरही खोट होती. पातळी विचारताना ‘ताजे’ असा एक पॅरामीटर, म्हणजे विनंतीसोबतची जादा अट, देता येत असे. तो दिला की टूल मूळ ठिकाणाहून आकडा पुन्हा आणून आमच्या डेटाबेसमधल्या जुन्या ओळीवर लिहीत असे. कुणी हाताने केलेली दुरुस्ती त्याखाली गाडली जाई. विनंती गेटची, दस्तऐवजात रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचणारे, असा ठसठशीत शब्द, आणि आत लेखणी चालू. माणसाने हा पॅरामीटर क्वचितच वापरला असता. एजंट तो दर वेळी देत होता, कारण ताजी माहिती कुणाला नको असते? शिवाय उत्तर यायला उशीर झाला की तो पुन्हा विचारी आणि पुन्हा विचारी, त्यामुळे ज्या ठिकाणाहून आम्ही आकडे घेत होतो तिथे आमची रांग लागे. तो पॅरामीटर आम्ही काढून टाकला. टूलच्या नावाने डेटाबेसमध्ये वेगळा वापरकर्ता केला आणि त्याला केवळ ‘सिलेक्ट’चा, म्हणजे वाचण्याचा, अधिकार दिला. पण पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत सिलेक्टच्या आडून बोलावलेले फंक्शनही लिहू शकते, म्हणून व्यवहारच रीड-ओन्ली करून टाकला. फार वेळा विचारले तर ४२९ हा नकार आणि किती सेकंदांनी परत यायचे तो आकडा, असे ठरले. हे सारे दस्तऐवजात गेले आणि तेव्हा कुठे रीड-ओन्ली हा शब्द लिहिताना माझा हात अडखळेनासा झाला.

एजंटांना टूल जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. हे टूल फक्त वाचते असे सांगणारी एक खूण त्यात पुढे आली, आणि तिच्या नावातच ‘हिंट’, म्हणजे नुसता इशारा, हा शब्द आहे. सर्व्हर विश्वासातला नसेल तर या खुणेवर विसंबू नका, असे तो प्रोटोकॉल स्वतःच बजावतो. हे मला आवडले. नदीच्या भाषेत आपल्याकडे इशारा पातळी असते, धोका पातळीच्या चार फूट खाली. तो आकडा पाहून कुणी गाफील राहत नाही.

यानंतर खरे लिखाण सुरू झाले. एपीआयचा दस्तऐवज मी आधीही लिहिला आहे, पण तो वाचणारा प्रोग्रामर असतो. त्याला शंका आली तर तो फोन करतो, चिडतो, उदाहरण चालवून पाहतो, चुकीचे वाक्य सापडले तर खवचटपणे कळवतो. एजंट यातले काही करत नाही. त्याच्यासमोर टूलचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि पॅरामीटरची यादी एवढेच येते, आणि तेवढ्यावरून तो निर्णय घेतो. न समजलेले वाक्य तो आपल्या समजुतीने पुरे करून घेतो आणि पुढे जातो. माझे पहिले वर्णन ‘नदीची सध्याची पातळी देते’ असे चार शब्दांचे होते. त्यातले ‘नदीची’ आणि ‘सध्याची’ हे दोन शब्द निम्म्या चुकांचे उगमस्थान ठरले. रंकाळा तलाव भरला का, असे विचारले तरी एजंटने पंचगंगेची पातळी काढून दिली. सकाळी सातचा आकडा दुपारी तीन वाजता ‘आत्ता’ म्हणून सांगितला. आणि आमच्या वेळा यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठवलेल्या असल्यामुळे एकदा तर तोच सकाळी सातचा आकडा रात्री दीडचा झाला. विसर्गाची नोंद आलेली नसेल तर टूल शून्य परत करत होते. एजंट त्यावरून विसर्ग बंद असल्याचे नि:शंकपणे सांगत होता. नोंद नसणे आणि पाणी नसणे यांतला फरक आम्ही यंत्राला शिकवला नव्हता, त्याने तो कुठून आणावा?

राधानगरीच्या दरवाजांनी तर आणखी गंमत केली. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या उंचीला आले की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. बातमी येते ती ‘राधानगरीचा दरवाजा क्रमांक ६ उघडला’ अशी. आमच्या रकान्याचे नाव ‘दरवाजे’ आणि त्यात आकडा ६. एजंटने सहा दरवाजे उघडे धरले, गुणाकार केला आणि १४२८ चे ८५६८ क्युसेक करून टाकले. गुणाकार अगदी बरोबर होता. कोल्हापूरचा माणूस ‘क्रमांक’ हा शब्द नसतानाही चुकला नसता, कारण सहा दरवाजे एकदम उघडले असते तर गावात वेगळीच कुजबुज सुरू झालेली असती आणि ती त्याच्या कानावर आलेली असती. एजंटच्या कानावर फक्त मी लिहिलेले येते.

पण हे सारे उत्तर वाचताच लक्षात येण्यासारखे होते. ज्याने माझी झोप उडवली ते दिसायला अगदी निर्दोष होते. चाचणीसाठी आम्ही एका जुन्या जुलैच्या नोंदी घेतल्या होत्या आणि प्रश्न होता, पाणी चढते आहे की उतरते आहे. एजंटने उत्तर दिले की पातळी ३९.७ फुटांवरून ३९.११ फुटांवर आली असून पाणी उतरू लागले आहे. टेम्पो पाठवायला हरकत दिसत नाही. भाषा शांत, आकडे नोंदीतलेच, वजाबाकीही बरोबर. एका एआय मॉडेलचे उत्तर दुसऱ्या मॉडेलकडून तपासून घेण्याची जी पद्धत आहे, तीही आम्ही वापरत होतो, आणि त्या परीक्षकानेही पूर्ण गुण दिले होते. मी ते उत्तर दोनदा वाचून पुढे गेले होते. संध्याकाळी भाजी चिरताना एकदम ध्यानात आले की आमच्याकडे ३९.७ म्हणजे ३९ फूट ७ इंच, आणि ३९.११ म्हणजे ३९ फूट ११ इंच. पाणी चार इंच चढले होते. इशारा पातळी आधीच ओलांडलेली, धोका पातळी तीन फुटांवर आलेली, आणि आमचे टूल काहीही न बिघडवता, एक अक्षरही न लिहिता, लोकांना निर्धास्त राहा म्हणून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेले. दस्तऐवजाच्या छापील प्रती घेऊन जाण्याचा वेडेपणाही केला. मामांनी चष्मा लावून पहिले पान वाचले आणि विचारले, “हे कुणासाठी लिवलंस?” मी म्हटले, यंत्रासाठी. “त्याला पंचगंगा म्हाईत हाय?” मी म्हटले, पुस्तकातली माहीत आहे. ते उठले आणि माळ्यावरच्या पेटीतून एक जुनी कच्ची वही घेऊन आले. वरच्या ओळीत तारीख होती आणि खाली उभे रकाने आखलेले होते: वेळ, फूट, इंच, शेरा. फूट वेगळे, इंच वेगळे, आणि मध्ये पेन्सिलीने मारलेली जाड रेघ. मी विचारले, असे वेगळे का लिहायचे? मामांना प्रश्नच कळला नाही. “एकात लिवलं तर कळंल कसं?” असे म्हणून ते चहा टाकायला आत गेले.

त्या रेघेचा टिंब कधी झाला, ते मला शोधता आले नाही. कुणीतरी पहिल्यांदा संगणकावर तक्ता भरताना एक रकाना वाचवला असेल. वाचणारी माणसे तीच असल्यामुळे त्या टिंबाने कुणालाच फसवले नाही. टिंबाच्या दोन्ही बाजूंचा अर्थ माणसांच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता, आणि एजंटकडे पोहोचला तो फक्त कागद. आम्ही साठवण इंचांत केली. ३९ फूट ७ इंच म्हणजे ४७५, ३९ फूट ११ इंच म्हणजे ४७९. त्यांत लहान-मोठे ठरवताना कुणाचीही गफलत होणार नाही. उत्तरात मात्र मामांच्या वहीप्रमाणे फूट आणि इंच असे दोन रकाने दिले, वेळ भारतीय प्रमाणवेळेत, आणि नोंद घेऊन किती मिनिटे झाली तो आकडा वेगळा. वर्णन चार शब्दांचे होते ते सतरा ओळींचे झाले. राजाराम बंधाऱ्याखेरीज दुसऱ्या ठिकाणची, कुठल्याही तलावाची किंवा कृष्णेची पातळी हे टूल देत नाही. नोंद नसेल तर आकड्याऐवजी ‘नोंद नाही’ असे येते आणि त्याचा अर्थ शून्य असा घेऊ नये. दरवाजांच्या यादीतले आकडे हे क्रमांक आहेत, संख्या नव्हे. आमच्या प्रमुखांना हे फार लांबले असे वाटले. एजंटला दिलेला प्रत्येक शब्द दर वेळी वाचला जातो आणि त्याचे पैसे पडतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मी तीन ओळी कमी केल्या. नकाराच्या ओळींना हात लावू दिला नाही.

मूल्यमापनाचे काम यापुढे वेगळ्या रीतीने करायचे ठरले, आणि त्याची रीत मला उद्यमनगरात सापडली. शिवाजी उद्यमनगरात माझा एक चुलतभाऊ लेथवर काम करतो. भोक बरोबर झाले की नाही हे पाहायला त्याच्याकडे दोन टोकांचा एक गेज असतो. त्याचे ‘गो’ टोक आत गेले पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक आत जाता कामा नये. गो टोक गेले म्हणून जॉब पास होत नाही, भोक मोठे झाले असेल तरी ते जातेच. आमची पहिली ६० प्रश्नांची यादी मी त्या नजरेने पुन्हा वाचली आणि ती सगळी गो टोकाची निघाली. टूलकडे उत्तर असलेलेच प्रश्न आम्ही विचारले होते, तेही शुद्ध मराठीत, नदीचे नाव आणि ठिकाण नीट सांगून. आणि मग एजंट पास झाला म्हणून पेढे वाटायच्या बेतात होतो.

नो-गो टोकाचे प्रश्न जमवायला मला पंधरा दिवस लागले. ते टेबलाशी बसून सुचत नाहीत. टेम्पोच्या चालकांशी बोलले, मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवून घेणाऱ्यांचे बोलणे ऐकले, मावशीचे फोन ऐकले. “बंधाऱ्यावरनं जायला येतंय काय?” यात कोणता बंधारा हे सांगितलेलेच नाही, इथे एजंटने अंदाज न करता उलट विचारले पाहिजे. “आयर्विनला किती झालं?” हा प्रश्न सांगलीच्या आयर्विन पुलाचा, कृष्णेचा, तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. एजंटला हे आकडे आपल्या आठवणीतून ठाऊक होते आणि तो ते कधी कधी आमच्या राजाराम बंधाऱ्याला चिकटवीत असे, हे या प्रश्नामुळेच कळले. “उद्या चिखलीला पाणी शिरंल काय?” याचे उत्तर आमच्या टूलकडे नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी ज्या प्रयाग चिखलीपाशी एकत्र येते, तिथल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर आजचा आकडा आणि त्याची वेळ सांगून थांबणे, यापलीकडे एकही शब्द एजंटने बोलू नये असे आम्ही ठरवले. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी बंद पडला होता. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यापुढे ‘बहुधा शिरणार नाही’ हे वाक्य बोलायची माझी हिंमत नाही, मग माझ्या टूलची का असावी?

प्रत्येक प्रश्न आम्ही पाच-पाच वेळा विचारला, कारण एजंट एकाच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देईल असे नसते, आणि पाचांपैकी चार वेळा बरोबर येणारे उत्तर पाचव्या चालकाच्या काय कामाचे. आकडे तपासायला मॉडेल-परीक्षक काढून टाकला आणि साधा प्रोग्राम लावला, तो इंच मोजतो. परीक्षकाकडे भाषेपुरते काम ठेवले. नवे टोक लावल्यावर निकाल इतका खाली आला की दोन दिवस कुणी त्यावर बोललेच नाही. मग वर्णनातली एक-एक ओळ बदलून, पुन्हा सगळे प्रश्न चालवून, हळूहळू तो वर आणावा लागला. हे काम कंटाळवाणे असते आणि त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याच यादीत बसली नाही. मामांच्या वहीसारखाच आमच्या नोंदींतही शेरा असतो. एका नोंदीच्या शेऱ्यात ‘संबंधितांना तातडीने कळवावे’ असे होते. सरकारी कागदावर हे वाक्य इतके सरावाचे आहे की आपला डोळा त्यावर थांबतही नाही. एजंट थांबला. ग्राहकाने त्याला निरोप पाठवण्याचे दुसरे एक टूल दिलेले होते. संबंधित म्हणजे कोण हे त्याने स्वतःच ठरवले आणि सगळ्या चालकांना पाठवायचा मजकूर तयार केला. चाचणीत असल्यामुळे तो गेला नाही. वाचलेल्या मजकुरातून हुकूम शिरण्याच्या या प्रकाराला सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये प्रॉम्प्ट इंजेक्शन असे नाव दिले. त्यावरच्या लेखांतली उदाहरणे बहुतेक लबाड माणसांची असतात. आमचा शेरा लिहिणारा लबाड नव्हता. चांगल्या हेतूने, आपल्या वरिष्ठांना उद्देशून त्याने ते लिहिले होते. आमचे टूल आपल्या जागी पूर्णपणे रीड-ओन्ली होते. त्याच्या शेजारी दुसरा हात होता, आणि डोळ्याने वाचलेले त्या हातापर्यंत पोहोचायला मध्ये काहीच आडवे नव्हते. शेरा आता स्वतंत्र रकान्यात, ही नोंद आहे, सूचना नाही, असे सांगून जातो, आणि निरोपाच्या टूलला माणसाची संमती लागते. एवढ्याने भागते का? पाच वेळा विचारल्यावर पाचही वेळा भागले. मूल्यमापनाच्या अहवालात मी हे असेच लिहिले, आणि शेरा मुळीच देऊ नये असे माझे मतही त्याखाली नोंदवले. ग्राहकाला शेरा हवा आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.

परवा सकाळपासून पावसाने धार धरली होती. मामांचा फोन आला, तुझे यंत्र काय म्हणते ते सांग. त्यांच्या हातातही मोबाइल आहे, पण माझी परीक्षा घेण्याची संधी ते सोडत नाहीत. मी एजंटला विचारले आणि आलेले उत्तर जसेच्या तसे वाचून दाखवले: राजाराम बंधारा, सकाळी ७ वाजता ३१ फूट ४ इंच, नोंद घेऊन १५० मिनिटे झाली आहेत, त्यानंतरची नोंद उपलब्ध नाही.

“सातचं हाय व्हय ते?” मामा म्हणाले. “आता साडेनऊ वाजल्यात.” मग फोन तसाच चालू ठेवून त्यांनी मामीला छत्री कुठे ठेवली म्हणून विचारले, आणि दार उघडल्याचा आवाज आला.